समेच्या अलीकडे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मागाहून नको. हे माझ्या मावसभावाच्या, गौरेशच्या बाबतीत खरंच घडलंय, आणि खोटं बोलून त्याला काय मिळायचंय?

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं कोरगाव. तीन वर्षांमागचा श्रावण. भूत म्हटलं की तुम्हाला अमावस्येची रात्र लागते ना? इथे भरदुपारचे अडीच वाजले होते.

गौरेश मोरजीच्या एका कॅफेत लॅपटॉपवर संगीत वाजवायचा. मोजके सूर, एकच संथ ठोका, तासन्‌तास. त्यात त्याने आपल्या सदाशिवमामाचा आवाज घातला होता. मामा पट्टीचा गवई. भीमपलासात त्याने स्वतः बांधलेली एक ओळ होती.

"येतो रे देवा, तुझ्या दारी."

'दारी'वर सम. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा कितीही भटकला तरी शेवटी तिथेच येऊन टेकतो.

गौरेशने नेमकं त्याच्या आधी कापलं.

"येतो रे देवा, तुझ्या…"

"येतो रे देवा, तुझ्या…"

तेवढंच गोल गोल फिरायचं. कॅफेतले पाहुणे डोळे मिटून डोलायचे. मामाने मात्र ऐकलं आणि असा तडकला!

"माका उंबऱ्यावरनं मागे ओढतंस कित्याक रे? भितर येवंक दी मरे!"

"मामा, त्यातच तर मजा आसा."

"मजा तुका. दमतंय मी."

पुढच्याच महिन्यात मामा गेला.

वाडीवरच्या देवळात श्रावणात चोवीस तासांचं भजन असतं. ते मध्ये तुटता कामा नये. एकाने सूर सोडण्याआधी दुसऱ्याने धरायचा. दुपारी दोन ते चार ही पाळी तीस वर्षं मामाची होती. आता ती गौरेशवर आली. देवकी मामीने त्याच्यापुढे हात जोडले होते, "ह्यांची पाळी मोडू नको रे."

पण गौरेश सहा वर्षं गायलाच नव्हता. गळ्याला गंज चढलेला. अर्ध्या तासात घसा बसला. मंडळी जेवायला पांगलेली. त्यात पखवाजवाल्या निखिलचा फोन. स्कूटर उतारावर बंद पडलीय, पखवाज भिजतोय, लवकर ये.

गौरेशने काय करावं? लॅपटॉप स्पीकरला जोडला, मामाचा तो तुकडा चालू केला आणि धावला. दहा मिनिटांचा तर प्रश्न!

शाबास रे पठ्ठ्या. देवाच्या भजनाला बदली मशीन!

निखिलला घेऊन तो परतला, तर वाडीची वीज गेलेली. स्पीकर विजेवरचा. म्हणजे भजन तुटलं. मामाची पाळी मोडली.

पण…

देवळातून आवाज येत होता.

"येतो रे देवा, तुझ्या…"

निखिल पायरीवरच थबकला. "गौरेश, स्पीकर बंद आसा मरे."

स्पीकरचा दिवा विझलेला. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं. गौरेशने ते उघडं ठेवलं होतं.

आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये… श्वास ऐकू येत होता.

तो श्वास गौरेशने स्वतःच्या हाताने कापून टाकला होता. त्या तुकड्यात श्वास नव्हताच.

इथे होता. दमलेल्या माणसाचा. दर फेरीला आखूड होत चाललेला.

खांबाशी देवकी मामी बसली होती. हाताने मांडीवर ताल धरलेला. डोळे घळाघळा वाहत होते.

"खंय होतंस रे? ह्यांका समेर येवंक मेळना…"

तिच्यासमोर मामाची सतरंजी. रिकामी. पण… मधोमध दबलेली.

गौरेशला पळून जावंसं वाटलं. देवाशपथ सांगतो, तो हे कबूल करतो. पण मामीकडे बघून त्याचे पाय हलले नाहीत. तो त्या सतरंजीच्या कडेला बसला. घसा फाटला तरी त्याने सूर लावला.

"येतो रे देवा, तुझ्या…"

दोन आवाज. एकाच श्वासात.

मामीची थाप पडली.

"…दारी!"

समेवर एकच आवाज आला. गौरेशचा.

निखिलने ठेका धरला आणि भजन पुढे चालू राहिलं. मामीने पदराने डोळे पुसले. "पावले हे," एवढंच म्हणाली. म्हणजे पोचले.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन गौरेश तो तुकडा पुसून टाकायला बसला. पुसण्याआधी एकदा ऐकावा म्हणून लावला. चार सेकंद.

"येतो रे देवा, तुझ्या…"

आवाज मामाचा नव्हता.

फाटका होता… गौरेशचा स्वतःचा.

मी तो माझ्या कानांनी ऐकलाय. पुसायचा धीर गौरेशला आजवर झालेला नाही. "त्यात काय एवढं?" असं म्हणून मी हसण्यावारी न्यायला गेलो. तो हसला नाही. त्याने लेकीला हाक मारली.

गौरवी सात वर्षांची आहे. रोज संध्याकाळी बापासमोर मांडी घालून बसते. तो तिला दुसरं काही गाणं शिकवत नाही. तीच एक ओळ.

"शेवटचो शब्द सोडू नको हां बाय," तो तिला सांगतो. "बाकी सगळा विसरलंस तरी चलात."