उरलेला भाग पुढील अंकी

वहिनीचा निरोप साधाच होता. घर विकलंय, दादाच्या खोलीतलं तुला काय हवं ते आजच घेऊन जा, संध्याकाळी भंगारवाला येणार आहे. छोटीने दुपारीच दुकान बंद केलं आणि निघाली. छोटी म्हणजे पन्नाशी उलटलेली, चष्म्याचं दुकान एकटीच्या जिवावर चालवणारी बाई. पण थोरल्या भावाने ठेवलेलं नाव केस पिकले म्हणून सुटत नाही.

दादा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याला जाऊन महिना होत आला तरी खोलीला वितळलेल्या कथिलाचा आणि जुन्या कागदाचा वास होता. दाराशी मासिकांचे गठ्ठे सुतळीने करकचून बांधून ठेवलेले. सगळी कॉम्प्युटरची मासिकं. पानं पिवळी पडलेली, आणि मुखपृष्ठांवरची माणसं मात्र अजूनही भविष्याकडे बघून हसत होती. टेबलावर तो कॉम्प्युटर. जाडजूड कीबोर्डच काय तो, रबरी बटणांचा. पडदा म्हणून घरचा टीव्हीच जोडायचा. बंद केला की शिकवलेलं सगळं साफ विसरायचा. मासिकात प्रोग्राम छापून यायचे, पानंच्या पानं आकडे आणि खुणा, आणि ते आपल्या हाताने टाइप करावे लागत. हे आज कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

दोघांची पद्धत ठरलेली होती. छोटीची बोटं चपळ, म्हणून ती टाइप करणार. दादा मागे स्टुलावर बसून मासिकातून वाचणार. तिने पानाकडे बघायचं नाही, त्याने पडद्याकडे बघायचं नाही. एक ओळ टाइप झाली की तिने "हं" म्हणायचं. "हं" आल्याशिवाय दादा पुढे जात नसे. ती रेंगाळली की तीच ओळ पुन्हा वाची, न चिडता, त्याच आवाजात. आई म्हणायची, तुमचं हे जपजाप्य कधी संपायचं?

एकच प्रोग्राम अर्धा राहिला होता. ताऱ्यांनी भरलेलं आकाश पडद्यावर दाखवणारा. ओळींना क्रमांक दहा-दहाच्या अंतराने दिलेले. सातशे क्रमांकाच्या ओळीखाली छापलं होतं, "उरलेला भाग पुढील अंकी", आणि पुढील अंकाआधी मासिकच बंद पडलं. दादा कितीतरी महिने स्टॉलवर खेटे घालत राहिला. शेवटी स्टॉलवाला त्याला लांबूनच पाहून मान हलवायचा.

छोटीने तो अंक गठ्ठ्यातून ओढून काढला. तिला वस्तू कुठली नको होती. दादा गेला तेव्हा ती प्रवासात होती. त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द काय होता, हे तिने वहिनीला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा, काही कळण्यासारखं नव्हतं गं, एवढंच उत्तर मिळालं. ते तिला खात होतं. निदान त्याचं ते वाचणं एकदा आपल्या तोंडून ऐकावं, म्हणून तिने कॉम्प्युटर टीव्हीला जोडून सुरू केला. टीव्हीचा पडदा इतका मंद झाला होता की खिडक्या बंद करून जाड पडदे ओढावे लागले. भर दुपारी खोली काळोखी झाली. तापलेल्या धुळीचा वास सुटला, टीव्ही बारीक गुणगुणू लागला आणि निळसर उजेडात चौकोनी कर्सर लुकलुकला. छोटीला एकदम भरून आलं.

ती स्वतःच मोठ्याने वाचत होती, टाइप करत होती आणि सवयीने "हं" म्हणत होती. बोटं काही विसरली नव्हती. सातशे क्रमांकाची ओळ झाली. तिने "हं" म्हटलं, मासिक मिटून बाजूला ठेवलं आणि बटण बंद करायला हात पुढे केला.

"सातशे दहा," मागून आवाज आला. "लेट... एस... बरोबर... एस अधिक एक."

हात होता तिथेच राहिला. पाठीला स्टुलाकडून गारवा जाणवत होता. आवाज दादाचाच, किंचित घोगरा, आकड्यानंतर जरासा थांबणारा. मागे वळून बघावं असं तिला वाटलं, आणि बघू नये असं त्याहून जास्त वाटलं. तिने ती ओळ टाइप केली. 'हं' म्हणायचं मात्र राहून गेलं.

"सातशे दहा..." आवाज पुन्हा म्हणाला. न चिडता. "लेट... एस..."

दार करकरलं. वहिनी चहा घेऊन आली होती. एवढा अंधार का केलायस, असं काहीसं ती बोलली.

"वहिनी... तुला ऐकू येतंय?"

"काय?"

छोटीने ती ओळ हळूच म्हणून दाखवली. वहिनीने हातातला कप टेबलावर ठेवला.

"हेच म्हणत होते ते," ती म्हणाली. "दवाखान्यात. हेच आकडे. म्हणायचे, आणि मग थांबून दाराकडे बघायचे. आम्ही पाणी दिलं, उशी सारखी केली, डॉक्टरांना बोलावलं... की पुन्हा तेच. शेवटपर्यंत. मला वाटलं, भ्रम झालाय. तुला काय सांगायचं ते?"

छोटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "'हं' म्हणायचं होतं गं," ती म्हणाली. "एवढंच. कोणीतरी 'हं' म्हणायला हवं होतं."

पुन्हा तीच ओळ वाचून झाली होती. मागची शांतता वाट बघत होती. वहिनी रिकाम्या स्टुलाकडे वळली, पदराचं टोक मुठीत धरलं आणि नवऱ्याने हाक मारल्यावर आतून ओ द्यावी तशी, साध्या आवाजात म्हणाली, "हं."

"सातशे वीस," आवाज म्हणाला.

आता वहिनीनेही ऐकलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती हळूच जमिनीवर बसली.

छोटी टाइप करत राहिली. ओळीमागून ओळ. मधे भंगारवाल्याने बेल वाजवली, वहिनीने बसल्या जागेवरूनच त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. एवढ्याशा यंत्राच्या पोटात इतकं मावत नाही, हे छोटीला पक्कं ठाऊक होतं. तरी ते घेत होतं. पडद्याच्या काळ्या कोपऱ्यात एक ठिपका उजळला, मग दुसरा, मग इतके की खोलीतल्या भिंती दिसेनाशा झाल्या. प्रोग्राम अजून पुरा झालेला नव्हता. दोघींना भीती वाटत होती आणि दोघींनाही उठायचं नव्हतं.

"अजून किती आहे गं?" वहिनीने कुजबुजत विचारलं.

छोटीने मान वळवली नाही. सगळी मासिकं तिच्या डोळ्यांसमोर होती, दाराशी बांधलेली, आणि तो एक अंक टेबलावर मिटलेला. ती उत्तर द्यायला गेली, तेवढ्यात मागे पान उलटल्याचा आवाज आला.