ब्रेकवरचा पाय

सन दोन हजार तेवीस. तीस डिसेंबर, वार शनिवार, मार्गशीर्षातली संकष्टी. ऊसतोड जोरात चालली होती आणि थंडी अशी, की पहाटे म्हशीच्या पाठीवर दव दिसायचं.

त्या दिवशी सकाळी सूर्यभान एस.टी.नं नगरला गेला. काम साधं होतं. ब्रेक ऑइलचे दोन डबे आणि तांब्याचे चार वायसर आणायचे. बास.

पोरांनो, हे ऐकीव नाही. सूर्यभान माझ्या ओळखीचा माणूस. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

दुकानातल्या पोरानं वायसर हातात घेऊन पाहिला. म्हणाला, "आजोबा, या गाडीचं सामान आता येत न्हाई. गाडी म्युझियमला द्यायची का?"

"तुज्या दुकानाच्या दारात लावतो," सूर्यभान म्हणाला. "ती बघायला तरी गिऱ्हाईक येईल."

पोरगा हसला आणि माळ्यावरचं जुनं खोकं धुंडाळून त्यानं वायसर काढून दिले.

गाडी म्हणजे नाकवाला जुना ट्रक, शहाऐंशी सालचा. शेवगाव-पाथर्डी रस्त्याच्या कडेला सूर्यभानची वस्ती. तिथं लिंबाखाली तो ट्रक बारा वर्षं उभा होता. इंजिन जाम झालं होतं. केबिनच्या पत्र्याला हात घातला तर हातात चुरा यायचा. हौद्यात कोंबड्या अंडी घालायच्या. सूर्यभान सहासष्ट वर्षांचा. बायको वारलेली. मुलगा रविराज पुण्याला, फोनवर एकच सांगायचा, "आप्पा, भंगारात घाला ते." आप्पा फोन ठेवून द्यायचे.

दोन वर्षं त्यानं एकट्यानं काम केलं. इंजिनात डिझेल ओतून महिनाभर मुरू दिलं, मग रोज पहाटे पान्यानं थोडं थोडं फिरवलं. टायर जुने, वरून रबर चढवलेले घेतले. फळ्या स्वतःच्या बांधावरच्या बाभळीच्या. गादी गोणपाटाची. रंग घरी, ब्रशनं. मिस्त्रीला एकदाही बोलावलं नाही. परवडत नव्हतं हे एक, आणि कुणाला बोलवायचा त्याचा स्वभाव नव्हता हे दुसरं.

रस्त्यापलीकडची राहीबाई येता-जाता टोमणा मारायची. "भावजी, बायकूचं एवढं केलं असतं तर बिचारी धा वर्सं जास्ती जगली असती."

सूर्यभान पाना फिरवत राहायचा.

ही गाडी त्याला चालवायची नव्हती. विकायचीही नव्हती. ती द्यायची होती भीमराजला. भीमराज कोण, तर कचरूचा मुलगा. आणि कचरू एकोणीस वर्षं या गाडीवर सूर्यभानचा क्लीनर होता.

दोन हजार अकरा सालच्या मे महिन्यात करंजी घाटात कचरूचा जीव गेला. गाडीत कांदा भरलेला. चढावर मागच्या चाकाची ब्रेकची नळी गळायला लागली, म्हणून गाडी थांबवली. कचरू नळी आवळायला खाली शिरला आणि गाडी मागं आली. सूर्यभाननं पोलिसांना सांगितलं, गावालाही सांगितलं, "चाकाला दगड लावायचा इसरला."

लोकांनी ते धरून ठेवलं. क्लीनरनं दगड न लावता गाडीखाली शिरायचं, म्हणजे स्वतःच्या हातानं मरायचं. भीमराज मोठा झाला, दुसऱ्याच्या टेम्पोवर जायला लागला. माल भरताना कुणीतरी हटकून म्हणायचं, "दगड लाव रं, बापावानी करू नगं." कचरूची बायको भागिरथी बाजारात मान खाली घालून चालायची. बारा वर्षं.

सूर्यभानवर कचरूचं देणं होतं. ते गाडी देऊन फिटेल, असं त्याला वाटत होतं. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो, असा भीमराजला निरोपही गेला होता. ब्रेक तेवढे राहिले होते.

ब्रेकचं काम एकट्याचं नाही. नळीत हवा शिरलेली असते, ती काढावी लागते. एक जण केबिनमध्ये बसून पेडल दाबतो. दुसरा गाडीखाली चाकाशी पडून बारीक बोल्ट ढिला करतो. तेल येतं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे येतात. बोल्ट आवळला की खालचा ओरडतो, "सोड." मग पुन्हा "दाब." चारही चाकांना असं करायचं. वरच्यानं खालच्याचं ऐकायचं, एवढाच त्यात धर्म.

सूर्यभानकडं वर बसायला कुणी नव्हतं. त्यानं बाभळीची काठी कापून घेतली होती. पेडल हातानं दाबायचं, पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवायची, खाली उतरायचं, गाडीखाली सरपटत जायचं, बोल्ट ढिला करायचा, आवळायचा, बाहेर यायचं, वर चढायचं, काठी काढायची. सहासष्ट वर्षांचा माणूस.

संध्याकाळी सातला त्यानं काम धरलं. चाकांना लाकडी ठोकळे लावले, मग एकेका नळीला नवे वायसर बसवत बसला. नऊच्या सुमाराला चंद्र उगवला. राहीबाईनं उपास सोडला, दिवा मालवला आणि ती झोपली. रस्त्यानं उसाच्या गाड्या जात होत्या, त्याही साडेदहाला थांबल्या. मग आवाज असा राहिला नाही.

पावणेबारा वाजता तो मागच्या उजव्या चाकाशी उताणा पडला होता. हातात टॉर्च, छातीवर पाना. थकला होता. डोकं चालत नव्हतं, हात चालत होते. आणि वर्षानुवर्षं गाडीखालून ऐकलेला शब्द तोंडातून गेला,

"दाब."

वर पेडल कुरकुरलं.

त्यानं बोल्ट ढिला केला. तेल आलं. बुडबुडे आले. त्यानं बोल्ट आवळला.

"सोड."

पेडल वर आलं. सीटची स्प्रिंग वाजली.

"दाब."

तेल आलं.

असं त्यानं चार-पाच वेळा केलं. काम भराभर होत होतं. ते चाक झालं. तो सरपटत डाव्या चाकाशी गेला...

काय रे? काठी निसटून पेडल आपोआप हलत असेल, म्हणतोस?

गप बस. काठी कुठं होती ते ऐक.

डाव्या चाकाशी गेल्यावर त्याला गाडीमागच्या गोठ्याच्या भिंतीवर लाल उजेड दिसला. त्यानं "दाब" म्हटलं की उजेड यायचा. "सोड" म्हटलं की जायचा. ब्रेकचे मागचे दिवे. त्याला बरं वाटलं. दिव्यांची वायर त्यानंच जोडली होती, आणि दिवे लागत होते. तेही चाक झालं. मग पुढचं डावं. मग पाना घ्यायला त्यानं हात लांब केला आणि हाताला काठी लागली.

काठी त्याच्याजवळ होती. मघाशी उतरताना त्यानंच ती खाली आणली होती.

तो पडून राहिला. भिंतीकडं पाहत.

आणि मग त्याला दुसरं आठवलं. गाडीची बॅटरी गाडीत नव्हती. ती दुपारपासून घरात होती. चार्जिंगला लावलेली.

"कोन हाय?"

...

"राहीबाई?"

...

"रविराज? आलास व्हय रं?"

काही नाही. थंडी तेवढी. लिंबाचं एक पान पडलं, त्याचाही आवाज त्याला आला.

"कचरू..."

भिंत लाल झाली.

सूर्यभाननं मला सांगितलं, त्या वेळी भीती वाटली नाही. भीती नंतर. आधी त्याला घाट आठवला. कचरू गाडीखाली जाताना काय म्हणाला होता ते. "वस्ताद, दाबून धरा बरं का. हँडब्रेकवर भरवसा न्हाई." एवढं बोलून तो खाली गेला होता. जाण्याआधी मागच्या चाकाला दगड लावून. काळा, मोठा दगड, दोन हातांनी ढकलत आणलेला.

हो. दगड लावला होता.

सूर्यभान दोन रात्री झोपलेला नव्हता. पेडलवर पाय ठेवून बसला आणि त्याचा डोळा लागला. किती वेळ? एक श्वास. पाय निसटला. भरलेली गाडी दगडावर चढली. एकटा दगड किती धरणार... दगडानं त्याचं काम केलं होतं. पायानं केलं नव्हतं.

तो खाली उतरला तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं कचरूकडं पाहिलं. मग दगडाकडं पाहिलं. मग दगड ढकलत नेऊन दरीत टाकला.

आता सूर्यभान स्वतः खाली होता. आणि पाय वर होता.

एक चाक राहिलं होतं. पुढचं उजवं. तुम्ही असता तर पळाला असता. सूर्यभान अर्धं काम टाकून उठणारा नव्हता. तो सरपटत त्या चाकाशी गेला. बरोबर केबिनच्या खाली. डोक्यावर पत्रा, पत्र्यावर...

"सोड."

उजेड गेला.

"दाब."

उजेड आला. पाना दोनदा पडला. बोल्ट ढिला केला. तेल आलं, स्वच्छ, एक बुडबुडा नाही. त्यानं आवळला.

"सोड."

उजेड गेला नाही.

"सोड, कचरू. झालं काम."

नाही गेला.

"गाडी भीमराजला देनार हाय मी. तुज्यापायीच केली. दोन वर्सं..."

भिंत लाल. तशीच.

"कचरू... सोड ना."

तो बाहेर आला. केबिनकडं पाहिलं नाही. मी विचारलं, का नाही पाहिलं? म्हणाला, "बगायचं काय? पाय कुनाचा हाय ते म्हाईत हुतं."

घरात जाऊन दार लावून बसला. खिडकीतून भिंत दिसत होती. एक वाजला. दोन वाजले. चार्जिंगच्या बॅटरीवरचा हिरवा दिवा घरात, आणि बाहेर तो लाल. एवढ्या मोठ्या माळावर एकटा माणूस, आणि एकटा नाही. पहाटे कोंबडा आरवेपर्यंत उजेड होता.

सकाळी राहीबाई हंडा घेऊन आली. "भावजी, रातभर लाल दिवा कशापायी जाळला? बॅटरी उतरंल की."

तिनं सूर्यभानच्या तोंडाकडं पाहिलं. हंडा भरून निघून गेली.

त्यानं केबिनमध्ये चढून पेडलवर पाय ठेवला. पेडल कडक. ब्रेक असा लागला होता, की मिस्त्रीलाही जमला नसता. त्यानं बॅटरी बसवली, ठोकळे काढले आणि गाडी चालू केली. बारा वर्षांनी ती रस्त्याला लागली. क्लीनरच्या बाजूची सीट रिकामी. त्यानं तिकडं मान वळवली नाही.

भागिरथीचं घर शेवगावच्या अलीकडं, माळावर. घरापुढचा रस्ता उताराचा. तिकडची जमीन सगळी पिवळी, मुरमाड. सूर्यभाननं गाडी उभी केली, नवा हँडब्रेक ओढला आणि उतरला. भागिरथी अंगण झाडत होती. भीमराज पळत आला. गाडीकडं पाहून त्याला हसू आवरेना.

"काका, ही तीच व्हय? वळकू येईना की!"

"ही घे किल्ली. कागद सोमवारी करू."

"पर काका, फुकट कशी घ्यायची? लोक काय म्हनतील?"

"तुजा बाप एकोनीस वर्सं बसला हिच्यात. घे."

भीमराजनं किल्ली घेतली. भागिरथीनं मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा झाडायला लागली. सूर्यभाननं मनाशी म्हटलं, झालं. दिलं. आता एस.टी. धरायची आणि घरी जायचं. तो गाडीला वळसा घालून रस्त्याकडं निघाला.

मागच्या चाकाला दगड लावलेला होता.

घट्ट. मधोमध. लावणाऱ्याला काम येत होतं.

"भीमराज, दगड तू लावला?"

"न्हाई काका. मी तर तुमच्या म्होरंच हुबा हाय. हँडब्रेक हाय ना?"

रस्ता वरपर्यंत रिकामा होता. खालपर्यंत रिकामा होता. भीमराज वाकून पाहायला लागला. "असला काळा दगड आमच्याकडं न्हाई. कुठनं आला हा?"

सूर्यभान दगडाकडं पाहत उभा राहिला. एस.टी. आली, थांबली आणि गेली.

मग तो मागं फिरला. अंगणात गेला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बारा वर्षांत तो त्या अंगणात पहिल्यांदाच गेला होता.

"भागिरथीबाई," तो म्हणाला. "कचरूनं दगड लावला हुता. माजा डोळा लागला. पाय माजा निसटला. आन् दगड मी दरीत टाकला."

भागिरथीनं केरसुणी खाली ठेवली. कंबरेतून सरळ उभी राहिली.

"मोट्यानं सांगा," ती म्हणाली. "पोराला ऐकू जाऊ द्या. वस्तीला बी."

सूर्यभाननं मोठ्यानं सांगितलं.