दहावी खूण

ते साल एकाहत्तरचं. छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्या त्या मुलीला सगळे ‘टाचणी’ म्हणत. चूक दिसली की ती टोचल्याशिवाय राहायची नाही. एका दुपारी जिना उतरताना ती एका तरुणावर धाडकन आदळली. कागद चौफेर! ती तावातावाने बोलत सुटली... तो शांतपणे हसला आणि त्याने खिशातल्या वहीत लिहून दाखवलं, ‘ऐकू येत नाही. पण रागावलेल्या छान दिसता.’

टाचणी खाली वाकून कागद गोळा करू लागली!

तो कर्णबधिर मुलांच्या शाळेतला मास्तर. त्याला पालकांसाठी खुणांचं पुस्तक काढायचं होतं – चित्रांविना, नुसत्या शब्दांत. छापखान्याच्या मालकांची अट होती, “मी स्वतः वाचून दहा खुणा करीन. दहाच्या दहा जमल्या, तरच छापीन.”

लिहायचं काम टाचणीकडे आलं. पंधरा दिवस ती मास्तरांसमोर बसून लिहीत होती. मग तिने छपाईचे खिळे जुळवणाऱ्या काकांना एक खूण करायला लावली. काकांनी वाचलं, ‘हात आपल्याकडे येतो’, आणि हात स्वतःकडे ओढला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. ‘दे’ची ‘घे’ झाली होती! मास्तरांचा हात तिच्याकडे येत होता, म्हणून तिने तसं लिहिलं होतं. सगळी वही उलटी.

“अगं, मास्तरांच्या शेजारी बस ना!” काका म्हणाले. “किती लाजशील?”

ती शेजारी बसली. खांद्याला खांदा... आणि वही सुलटी होत गेली.

परीक्षेच्या दिवशी यंत्रावरचे सोडून सगळा छापखाना गोळा झाला. मालक वाचून खुणा करत, मास्तर अर्थ लिहीत. नऊ बरोबर! दहावी मास्तरांच्या यादीत नव्हतीच. ती टाचणीने रचली होती. मालकांनी मोठ्याने वाचलं, “उजवा तळवा स्वतःच्या हृदयावर ठेवा. मग हलकेच समोरच्याच्या हृदयावर टेकवा.” आणि तसंच केलं.

मास्तर कानापर्यंत लाल!

“काय हो, चुकलं की काय?” मालक गोंधळले.

मास्तरांनी लिहिलं, ‘अगदी अचूक. पण उत्तर लिहिणारीला द्यायचंय.’ ते सरळ टाचणीसमोर गेले आणि त्यांनी तीच खूण केली. काकांनी अशी शिट्टी मारली की यंत्रावरचे लोकही धावत आले.

पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. काका निवृत्त झाले, पण लग्न आपणच जुळवलं, हे शेवटपर्यंत सांगत राहिले. मालक मात्र दहावी खूण आपल्यालाच पहिल्यांदा जमली म्हणून मिरवत.

आणि ती दोघं? अजून भांडतात. हरायला लागले की मास्तर डोळे घट्ट मिटून घेतात, म्हणजे तिचं काही ‘ऐकायला’ नको. मग टाचणी आपला तळवा हलकेच त्यांच्या हृदयावर टेकवते. त्या खुणेला डोळे लागत नाहीत.