मडगार्डवरचे काळे कण

"हरताळाच्या आदल्या दिवशीच मी गाडी रंगाला देऊन आलो होतो, साहेब. देवाशपथ! मग हरताळाच्या संध्याकाळी ती मी चालवीन कशी?"

दत्ताराम ड्रायव्हर हातातली टोपी चुरगाळत उभा होता. खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या खोलीत नीळकंठ तळपदे डोळे मिटून ऐकत होते. ते खासगी तपासाचं काम करत. त्यांचे स्नेही तात्या रेगे शेजारी बसून सुपारी कातरत होते.

"पोलीस काय म्हणतात?"

"म्हणतात, लालबागला बुधाजी पखवाज्याला मीच उडवलं आणि खुणा झाकायला हरताळ सुटताच गाडी रंगाला टाकली. बुधाजीच्या उपरण्यावर क्रीम रंगाचा डाग आहे. आमच्या धैर्यवान साहेबांची गाडी क्रीमच. आधीही क्रीम, आताही क्रीम. सध्या जामिनावर आहे. सोमवारी कोर्ट. मी आत गेलो तर पोरांकडे बघायला कोणी नाही."

"गाडी ताब्यात कोणी घेतली?"

"परळच्या गॅरेजातल्या लवू मिस्त्रीनं. गॅरेजचे शेठ तेव्हा नव्हते. आणि आता मिस्त्री म्हणतो, गाडी हरताळानंतर आली. असा खोटा माणूस नाही हो तो!"

तळपद्यांनी डोळे उघडले. "चला तात्या. आधी उपरणं बघू, मग गाडी."

चौकीत उपरणं बघायला मिळालं. डाग सुताच्या विणीत मुरून पलीकडून उमटला होता.

"क्रीमच आहे," तात्या म्हणाले.

"आहे खरा," तळपदे म्हणाले आणि बाहेर पडले.

रमाकांत धैर्यवान प्रभादेवीला राहत. गाडी फाटकात उभी होती आणि ते तिच्याभोवती चिडून फिरत होते.

"मी तेव्हा पुण्यात होतो. लतिकाचं, माझ्या मुलीचं, लग्न आहे, तेवढ्यात गाडी रंगवून घे, एवढंच दत्तारामला सांगून गेलो. त्यानं कधी दिली, मला काय ठाऊक? मिस्त्रीला म्हटलं होतं, काम असं कर की लतिकाच्या पोरांनी या रंगात तोंड बघावं. आणि हे बघा!"

बाकी गाडी आरशासारखी होती. डाव्या मडगार्डवर मात्र वरच्या चकाकीखाली बारीक कण अडकलेले दिसत होते. तळपद्यांनी बोट फिरवलं. बोटाला काहीच लागेना.

"धूळ बसली असेल रंग ओला असताना," तात्या म्हणाले.

"मुंबईची धूळ पिवळट असते, तात्या. हे कण काळेभोर आहेत."

परळच्या गॅरेजात शिरताच तात्यांनी नाकाला रुमाल लावला. "काय हा गोडगोड वास! डोकं उठलं."

रघुवीर शेठ पानाचा तोबरा सावरत पुढे आले. "हरताळाला गॅरेज बंद होतं, साहेब. मी गिरगावात घरी. किल्ली लवूकडे असते, तो मागच्याच चाळीत राहतो. आणि ते मडगार्ड! परत घासून दे म्हटलं, तर ऐकेचना. इतक्या वर्षांत माझ्या शब्दाला पहिल्यांदा नाही म्हणाला."

लवू मिस्त्री एका गाडीचा दरवाजा पाणी टाकून घासत होता. त्यानं मान वर केली नाही. गाडीच्या दोन्ही दिव्यांवर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं.

"हे कशाला, मिस्त्री?" तळपद्यांनी विचारलं.

"काचेवर रंग उडू नये म्हणून. शेवटचा हात सुकल्याशिवाय कागद काढायचा नाही."

"सुरेख हात आहे तुमचा."

"घासायचं, सुकू द्यायचं, परत घासायचं. घाई केली की रंग पापुद्र्यानं सुटतो."

"गाड्या आतबाहेरही तुम्हीच करता?"

"होय."

भिंतीवर पांडुरंगाच्या तसबिरीशेजारी परकर-पोलक्यातल्या एका मुलीचा फोटो होता. हार ताजा होता.

"माझी चंपा," तो म्हणाला. "हरताळात गोळी लागली." आणि पुन्हा घासू लागला.

गंगाधरबुवा कीर्तनकार लालबागच्या एका चाळीत झांजा पुसत बसले होते. बुधाजी त्यांचा जन्माचा साथीदार.

"कीर्तन आटोपून येत होतो. हरताळ असला म्हणून देवाची सेवा चुकते का? माझा हात बुधाजीच्या खांद्यावर, त्याच्या हातात बुक्क्याची डबी. मोतीबिंदूमुळे मला माणूस दिसत नाही, उजेड तेवढा कळतो."

"मग गाडीचा उजेड कळला असेल?"

"नाही हो. तेच नवल! उजेड आलाच नाही. एकदम इंजिनाचा आवाज, आणि खांदा माझ्या हातून गेला. धक्का ओझरता होता म्हणतात, पण डोकं फुटपाथच्या कडेवर आपटून तो गेला." बुवांनी झांजा खाली ठेवल्या. "गाडीत कोणी तरी कण्हत होतं. आणि मागे वास राहिला, पिकल्या केळ्यांचा."

"केळीवाल्याची गाडी उलटली असेल जवळपास," तात्या म्हणाले.

"हरताळात?" तळपदे एवढंच बोलले. उठताना त्यांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. तात्यांनी पाहिलं, तळपद्यांचे डोळे भरून आले होते.

रविवारी दिवस कलताना तळपद्यांनी सगळ्यांना गॅरेजात बोलावलं. दत्तारामनं क्रीम गाडी दारात आणून उभी केली. धैर्यवान आणि रघुवीर शेठ स्टुलांवर बसले. लवू मिस्त्री तसबिरीखाली उभा राहिला.

"बुवा आधी निरूपण करतात, मग आख्यान," तळपदे म्हणाले. "मीही तसंच करतो. सुकलेल्या रंगाचा कपचा उडतो, तो कापडात मुरत नाही. उपरण्यातला रंग मुरलाय. म्हणजे गाडी बुधाजीला लागली तेव्हा तिचा रंग ओला होता."

"पण मग..." तात्या थबकले.

"होय, तात्या. गाडी अपघातानंतर रंगाला आली नाही, ती रंगात असतानाच अपघात झाला. केळ्यांचा वास म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावाचा वास. तुम्ही इथं त्यालाच नाक धरलंत. दिव्यांचा उजेड आला नाही, कारण दिव्यांवर कागद होता. दत्ताराम खरं बोलत होता. गाडी आदल्याच दिवशी इथं आली होती."

दत्ताराम पायरीवर बसला आणि त्यानं टोपीनं तोंड पुसलं.

"तर मग चालवली कोणी?" धैर्यवानांनी विचारलं. त्यांची नजर शेठकडे गेली.

"मी घरी होतो!" शेठ ओरडले.

"किल्ली तुमच्याकडे नव्हती, शेठ. शिवाय गाडी तुम्ही नेली असतीत, तर ते मडगार्ड परत घासा म्हणून कशाला मागे लागला असतात? ते काळे कण म्हणजे बुधाजीच्या डबीतला बुक्का. ओल्या रंगावर बसला. पाणी टाकून घासकागदाचे दोन हात मारले असते, तर पुरावा गटारात गेला असता. ज्याला वाचायचं होतं, त्यानंच तो घासला नाही. उलट वरून वार्निश देऊन जपला." तळपद्यांचा आवाज खाली आला. "देवाचा बुक्का घासून पायदळी घालायचा कसा? गाडीत कण्हत होती ती चंपा. होय ना, मिस्त्री?"

लवू मिस्त्रीनं मान डोलावली.

"रस्त्यावर वाहन नाही, धूळ नाही, म्हणून हरताळात दार लावून शेवटचा हात मारीत होतो," तो म्हणाला. "हरताळ मोडलो मी. इतक्यात बाहेर गोळी सुटली. दार उघडलं तर चंपा पायरीवर पडलेली, माका जेवायला बोलवायला आलेली. इस्पितळात नेऊक दुसरी गाडी खंय गावतली? हीच काढली. दिव्यांवरचो कागद ध्यानातच रवलो नाय. धक्को कळलो, साहेब. पण मागे पोर बाबा, बाबा करी. थांबलो नाय. इस्पितळाच्या दारातच ती गेली."

"आणि दत्ताराम?"

"दुसऱ्या दिवशी कळला, बुधाजी गेलो. आमच्याच भजनातलो. मी चौकीवर निघालेलो. बायलेन, कौसल्येन, पाय धरले. म्हणाली, पोर गेली, आता तुम्ही पण जातास? मग खोटा बोललो." त्यानं दत्तारामपुढे हात जोडले. "पण तो बुक्को मात्र माझ्यान पुसवलो नाय."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. धैर्यवान मडगार्डकडे बघत म्हणाले, "ते आता तसंच राहू दे, शेठ."

दत्ताराम उठला. त्यानं लवूचे जोडलेले हात सोडवले आणि गाडीचा पुढचा दरवाजा उघडून धरला. "चल मिस्त्री. चौकीपर्यंत सोडतो."

लवूनं चंपाच्या फोटोकडे एकदा पाहिलं. बाहेर येऊन डाव्या मडगार्डला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली आणि गाडीत बसला. रस्त्यावर अंधारून आलं होतं. इंजिन सुरू झालं, तसा त्यानं दत्तारामच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी दिवे लाव रे."