उंदरांना न आवडलेला माणूस

आमच्या डनीडिन शहरात पावसाची नेहमीची भुरभुर चालू होती. मी भिजत प्रयोगशाळेत शिरले नि दारातच एका उंच माणसावर आदळले. त्याच्या हातातला चीज रोल माझ्या खांद्यावर चेपला.

"मी फर्गस, आजच रुजू झालोय," तो म्हणाला. "आणि ते माझं जेवण होतं."

"मी मेरेआना. खांद्यावर आहे, घे वेचून."

तो हसला, आणि मी... जाऊ दे.

माझं संशोधन एका गोळीवर टांगलेलं होतं. गोळी चिंता कमी करण्याची. पण ती सूजही रोखते, असा माझा दावा. अंगाला सूज यायची तर आतल्या आत पेशींना तसा निरोप जावा लागतो, आणि हे औषध तो वाटेतच अडवतं. सगळ्या उंदरांच्या पायाला थोडी सूज आणायची, अर्ध्यांना औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. फरक दिसला की मी जिंकले.

फर्गसनं उंदीर हाताळायला घेतले नि फरकच गायब झाला. मिठाच्या पाण्यावरच्यांनाही सूज नाही! आमच्या प्रमुख विल्माबाई म्हणाल्या, असंच चाललं तर औषध बाद, आणि फर्गसची रवानगी ऑकलंडच्या शाखेत. मी त्याच्यावर चिडले, हाताला वळण नाही म्हणाले. त्यानं अलगद पिंजऱ्यात हात घातला, तर सगळे उंदीर कोपऱ्यात जाऊन थरथरायला लागले. मी हात घातला तर हुंगत पुढे आले, बिचारे.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उंदरांना पुरुषाच्या वासाची धास्ती वाटते, आणि ती धास्तीच सूज दाबून टाकते. फर्गसची चूक एवढीच, की तो पुरुष होता. उपाय साधा होता, पिंजऱ्याशेजारी बाईमाणसाचा अंगावरचा कपडा ठेवायचा.

त्याचे कान लाल झाले. "तुझा स्वेटर मिळेल? म्हणजे... न धुतलेला."

इतक्या लाजत माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं नव्हतं. दिला.

उंदीर निवांत झाले. नव्या खेपेला मिठाच्या पाण्यावरचे पाय टम्म सुजले, औषधवाल्यांचे नाही. विल्माबाईंनी केक मागवला. पण स्वेटरची युक्ती ऐकून ऑकलंडवाल्यांना आता फर्गस हवाच होता, आणि मी केकला हातही लावला नाही.

संध्याकाळी तो दारात उभा. बाहेर तीच भुरभुर.

"माझा स्वेटर?" मी विचारलं.

"उंदीर राहतील त्याच्याशिवाय. मी... नाही राहू शकणार."

"मग औषध घे."

"ते निरोप अडवतं. आणि मला तुला निरोप द्यायचाय."

"म्हणजे चाललास ऑकलंडला?"

"तो निरोप नाही गं, वेडे. त्यांना नाही म्हणून कळवलंय." त्यानं स्वतःचा स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला, बरोबर चीज रोल चेपला होता तिथंच. "हा निरोप. बघ, धास्ती वाटते का."

मी हुंगला. काळीज धडधडत होतं, पण मी काही कोपऱ्यात पळाले नाही.