चालत्या रिक्षातला दगड

"पाय हलवू नका."

मागून आवाज आला तेव्हा मी सड्यावर एकटी उभी होते. स्कूटर बंद पडलेली, मोबाईलला रेंज नाही. पावस गावाच्या वरचा तो सडा म्हणजे नुसता काळा कातळ आणि पिवळं पडत चाललेलं गवत. पाऊस सरत आला होता, तरी त्या दुपारी ढग इतका खाली उतरला होता की चार पावलांपलीकडचं दिसेना. आणि त्यातून एक आवाज येत होता... खर्र... खर्र... कुणी करवतीनं सावकाश लाकूड कापावं तसा.

"फुरसं आहे. तुमच्या चपलेपासून वीतभर," तो म्हणाला. "श्वास घ्या. तेवढं त्याला चालतं."

लांब काठीनं त्यानं ते वेटोळं बाजूला सारलं. पण खरखर थांबली नाही. ढगात ती कुठल्या बाजूनं येतेय तेच कळत नव्हतं. मी त्याची बाही घट्ट धरली होती, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. त्याच्या लगेच आलं असावं.

मी वैष्णवी, मूळची गुहागरची. सड्याखालच्या आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. तो स्वरूप, तिथलाच रिक्षावाला. मला केंद्रावर सोडताना तो सहज म्हणाला, की कधी चावलंच तर आमच्याकडे या, माझ्या बाबांकडे विष ओढणारा दगड आहे. ज्यानं जीव वाचवला त्याचे आभार मानायचे सोडून मी हसले. माझा स्वभावच तसला.

त्यानंतर माझी स्कूटर वरचेवर बंद पडू लागली. कधी खरंच, कधी मी सांगितलं म्हणून. सड्यावर त्यानं मला रिक्षा चालवायला शिकवली. हँडलवर माझ्या हातावर त्याचा हात यायचा आणि गिअर हमखास चुकायचा.

दगड मी त्याच्या घरी पाहिला. सुपारीएवढा, काळा, चपटा. भिकाजीकाका, म्हणजे त्याचे बाबा, तो दुधात धुऊन दंशावर ठेवत आणि तो चिकटून बसे. विष ओढून झालं की आपोआप गळून पडतो, असं ते सांगत. तोवर अंगणात कुणी बोलायचं नाही. साप चावलेल्या माणसाचं नाव तर त्यानंतरही दिवसभर घ्यायचं नाही. का, म्हणून मी विचारलं.

"दाराशी जो उभा असतो ना बाय, त्याला कोणाला न्यायचा ते माहीत नसता," काका म्हणाले. "आपण कशाला सांगायचा?"

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

काकांनी कधी कुणाकडून पैसा घेतला नव्हता. जेवणावरून उठून धावत जायचे. लबाड माणूस असता तर भांडणं सोपं गेलं असतं. मी स्वरूपला सांगत राहिले, की निम्म्या लोकांना नानेटी नाहीतर दिवड चावलेली असते, त्या सापांना विषच नसतं. फुरसंसुद्धा दर वेळी पुरतं विष सोडत नाही. असे सगळे जगतात आणि दगडाचं नाव होतं. जे मरतात, त्यांना म्हणे उशिरा आणलेलं असतं.

"तुमचा दगड नापास होईल असा पेपरच कुणी काढलेला नाही," मी म्हणाले.

मग मी मटणाच्या नळीचं हाड बंद डब्यात घालून काळं होईस्तोवर भाजलं, घासून गुळगुळीत केलं आणि त्याला म्हटलं, जीभ काढ. तुकडा जिभेला घट्ट चिकटला. त्याचे डोळे विस्फारले.

"ओल शोषतं, म्हणून चिकटतं. का तुझ्या जिभेला विष आहे?"

त्यानं तुकडा सोडवला, पुसला आणि माझ्या ओठांपुढे धरला. तिथंही तो लगेच चिकटला.

"तुझ्या जिभेला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," तो म्हणाला. मग आम्ही दोघंही हसायचं विसरलो...

पण दसऱ्याला तो दगड काका स्वरूपच्या हाती देणार होते. मी म्हटलं, दगड हातात घेतलास तर माझा हात सोड.

"तू खरी असशील. पण माझ्या बाबांना कोण खोटा म्हणाला तर मला नाय सोसवत, वैष्णवी. तू म्हणालीस तरी."

आठ दिवस आम्ही बोललो नाही. नवव्या दिवशी वाडीत तापाच्या रोग्यांचं रक्त घ्यायला गेले, तर त्याच्या अंगणात वीसेक माणसं उभी होती आणि कुणाचाच आवाज नव्हता. कोंबड्यासुद्धा टोपल्याखाली झाकलेल्या. ओटीवर स्वरूप भिंतीला टेकून बसला होता. घोट्याला तो काळा दगड चिकटलेला.

मी त्याला उचलायला धावले. चार जणांनी वाट अडवली, एकानं ओठांवर बोट ठेवलं. दगड गळेपर्यंत त्याला हलवायचं नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतून सुई आणि काचेची कोरडी नळी काढून दाखवली. एवढं तरी करू द्या. काकांनी होकाराची मान हलवली.

त्याचं रक्त नळीत घेऊन ती ओटीवर उभी ठेवली. फुरशाचं विष चढलं असेल तर वीस मिनिटांनीही रक्त गोठत नाही. एकीकडे त्यांचा दगड, एकीकडे माझी नळी. इतकी माणसं, आणि श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मला मात्र कुडापलीकडे ती खरखर ऐकू येत होती. खर्र... खर्र... मी खोटी ठरू दे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मागितलं.

दगड टपकन पडला. सगळ्यांनी निःश्वास टाकला. "उतरला," काका पुटपुटले. मी घड्याळाकडे बघत राहिले. आणखी दोन मिनिटं. मग नळी कलती केली, आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहिलं.

माझी समजूत घालावी म्हणून स्वरूप हसला. त्याच्या प्रत्येक दोन दातांमध्ये रक्ताची लाल रेघ होती.

"स्वरूप!" मी ओरडले. अंगण दचकलं. "स्वरूप, ऊठ. मला तू हवा आहेस. दगड घे, नको घेऊ, पण जिवंत राहा. स्वरूप!"

काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या लेखी मी दाराशी उभ्या असलेल्याला पत्ता सांगितला होता.

"बाबा," स्वरूप म्हणाला, "मला हिच्याबरोबर जाऊ दे."

रिक्षा मी चालवली. मागे काका मुलाला कवेत घेऊन बसले होते, आणि सगळी वाट त्यांनी तो दगड पुन्हा घोट्यावर दाबून धरला होता. गिअर एकदाही चुकला नाही.

केंद्रात डॉक्टरांनी सर्पविषावरची लस सुरू केली. सहा तासांनी मी दुसरी नळी कलती केली. रक्त तळाशी घट्ट बसलं होतं. मी नळी त्याच्यासमोर धरली आणि रडले.

दसऱ्याला दगड स्वरूपनं घेतला नाही. काकांचा विश्वास मात्र तसूभर हलला नाही. त्यांचा शोध असा, की दगड ओटीवर फुकट गेला, चालत्या रिक्षात लागू पडला. आता कुणालाही चावलं की ते त्याला आधी रिक्षात घालतात, दगड लावतात आणि स्वरूपला सांगतात, गाडी थांबवू नकोस, थेट वैष्णवीच्या दारात. मी चिडते. हे खोटं आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगते. यंदा चार जण वेळेवर आले.

आमच्या लग्नात बायका माझ्याभोवती जमल्या, नाव घे म्हणून. मी उखाणा पाठ करून आले होते. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"तिला काय विचारतांव?" ते म्हणाले. "तिनं कधीच घेतलाय. तीन वेळा. आणि दाराशी उभा होता तो माघारी गेला."