लाल चिठ्ठीची चकती

विमानाच्या इंजिनातून काढलेला सदोष भाग त्याच दिवशी कापायचा, असा नियमच होता. वरून हुकूम आला होता: इंजिनात फिरणाऱ्या चकत्यांपैकी एका खेपेच्या चकत्यांना तडे जातात, प्रत्येक इंजिनातून जुनी काढा, नवी बसवा आणि जुनीचे तुकडे करा, म्हणजे कुणा दीडशहाण्याला ती पुन्हा बसवायचा मोह नको. मिस्त्रीने सकाळी एका विमानाची चकती बदलली. तपासनीस बाईंनी नंबर ताडून सही केली. कापायचं तेवढं राहिलं, कारण त्याच विमानाने मिस्त्रीची लेक पहिल्या नोकरीवर निघाली होती आणि गडी तिला निरोप द्यायला धावला. शेवटी बापाचं काळीज!

विमान दीडला उडालं. दोनला तो कटर घेऊन बाद माल ठेवायच्या जाळीच्या खोलीत शिरला. बाहेर लख्ख ऊन, पण आत जळक्या तेलाचा वास कोंदला होता. त्याने लाल चिठ्ठी लावलेल्या चकतीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. कान जवळ नेला. आत बारीक घरघर चालली होती.

"बाई… जरा येता का?"

बाईंनी नंबर पुन्हा वाचला. तोच होता. सकाळी नखाएवढा असलेला तडा आता बोटभर झाला होता.

"कापून टाका आणि मोकळे व्हा," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आणि वर काही झालं तर?"

"वर नवी आहे. आपणच बसवली ना?"

"मग ही… कुणासाठी फिरतेय?"

बाईंनी फोन उचलला आणि परत ठेवला. वैमानिकाला कळवावं तर काय, की काढून ठेवलेलं लोखंड तापलंय? लोकांनी वेड्यात काढलं असतं. मिस्त्री कटर मांडीवर घेऊन तड्याकडे बघत बसला. त्याचा जीव टांगणीला लागला होता. दर पाच मिनिटांनी तो उठे, जाळीपर्यंत जाई, पुन्हा येऊन बसे.

चार वाजून दहा मिनिटांनी घरघर थांबली. पाऊण तासाने लेकीचा फोन आला.

"बाबा, पोचले हो! रडला नाहीत ना?"

"छे गं," तो डोळे पुसत म्हणाला. आता त्याच्या अंगात बळ आलं. त्याने चकती शिकंजात घट्ट आवळली आणि कटर उचलला.

इतक्यात बाईंचा फोन वाजला. लेक उतरली त्या विमानतळावरचा मिस्त्री होता.

"बाई, तुमचं इंजिन हाताला गार लागतंय. अगदी बर्फ. चालूनच आलं ना?… बरं, परतीची माणसं बसलीत, दार लागलंय. विमान सोडतो."

"थांबवा! ते याच चकतीवर चालतंय!" बाई ओरडल्या. फोन कधीच बंद झाला होता.

तिकडे इंजिन सुरू झालं असावं; चकती पुन्हा कोमट व्हायला लागली. मिस्त्रीने कटर खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तडा दाबून धरला.

"अहो, भाजेल!"

"भाजू दे. त्या विमानातही कुणाच्या तरी लेकीच आहेत."

बाईंनी ओलं फडकं आणून त्याच्या हातांवर टाकलं. त्याखाली, त्याच्या अंगठ्याला लागून, तडा हळूच पुढे सरकला.